कॉन्कर्डचा शिपाई

हेन्री डेव्हिड थोरो याचा कायदेभंगावरील निबंध आपल्याकडे जितका गाजला तितका तो वाचला गेला आहे कीं काय, याविषयीं मला बरेच दिवस शंका वाटत आली आहे. गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना १९०७ सालीं 'इंडियन ओपिनियन' पत्रांतून त्याचा परिचय करून दिला. तेव्हांपासून भारतीय वाचकाच्या मनांत थोरोचें एक चित्र कायमचें ठसून गेलें आहे. अन्यायी सरकारला कर देण्याचें नाकारून हंसतमुखानें तुरुंगांत गेलेला आणि गजांआड बसूनहि स्वतंत्र राहिलेला विरक्त पुरुष, हें तें चित्र. (सत्याग्रहाची कल्पना आपण थोरोपासून घेतली हें म्हणणें बरोबर नाहीं, असें गांधीजींनीं १९३५ सालीं भारत सेवक समाजाचे कोदंड राव यांना लिहून कळविलें होतें, पण एकदां ठसलेलें चित्र असल्या खुलाशांना दाद देत नाहीं.) चित्र खोटें नाहीं. मात्र तुरुंगाच्या दाराशीं त्या सायंकाळीं दोन माणसें होतीं. एक आंत गेला, आणि दुसऱ्यानें किल्ली फिरविली. टीकाकारांनीं, आणि पाठ्यपुस्तकें तयार करणारांनीं तर विशेषच, आंतल्या माणसाचें कौतुक केलें आणि बाहेरच्याकडे पाठ फिरविली. निबंधाचें मर्म त्या बाहेरच्या माणसापाशीं आहे असें मला वाटतें, व तेंच येथें दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम निबंधाच्या नांवाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण नांवानेंच आपल्या वाचकांची थोडी दिशाभूल केली आहे. १८४८ च्या आरंभीं थोरोनें कॉन्कर्ड गांवच्या लायसियमपुढें हा विषय व्याख्यानरूपानें मांडला. १८४९ च्या मे महिन्यांत एलिझाबेथ पीबॉडी यांनीं काढलेल्या 'ईस्थेटिक पेपर्स' या नियतकालिकाच्या पहिल्या, आणि दुर्दैवानें शेवटच्याहि, अंकांत तो छापला गेला. त्या वेळचा मथळा 'सिव्हिल सरकारला प्रतिकार' अशा अर्थाचा होता. थोरो १८६२ सालीं वारला, आणि १८६६ सालीं निघालेल्या संग्रहांत त्याच निबंधावर 'सिव्हिल डिसओबिडियन्स' हा नवा मथळा आला. मूळ मथळ्यांत 'सिव्हिल' हें सरकारचें विशेषण होतें. नव्या मथळ्यांत तें अवज्ञेचें विशेषण झालें. आणि मराठींत येतां येतां त्याला विनय चिकटला. 'सविनय' हा शब्द आपल्या इतिहासांत इतक्या त्यागानें पवित्र झाला आहे कीं त्याला हात लावण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु थोरोच्या निबंधांत विनय शोधूं जाणाऱ्या वाचकाची निराशा होते. तो निबंध तिखट आहे, गर्विष्ठ आहे, आणि कोठें कोठें उर्मटहि आहे.

आतां घडलेली हकीकत. १८४६ च्या जुलै महिन्यांत थोरो वॉल्डन तळ्याकांठच्या आपल्या झोंपडींतून गांवांत आला. चांभाराकडे दुरुस्तीस टाकलेला जोडा त्याला न्यावयाचा होता. वाटेंत त्याला सॅम स्टेपल्स भेटला. हा स्टेपल्स गांवचा कॉन्स्टेबल, करवसुली करणारा आणि तुरुंगाचा रखवालदार असा तिन्ही कामें पाहणारा गृहस्थ होता. मुलकी पाटील, पोलीस पाटील आणि जेलर एकाच अंगरख्यांत शिरले तर जसे दिसतील तसा. थोरोनें कित्येक वर्षें डोईपट्टी भरली नव्हती. पैशांची अडचण असेल तर मी माझ्या खिशांतून भरतों, असें स्टेपल्सनें सांगून पाहिलें, अशी हकीकत आहे. अडचण पैशांची नाहीं, तत्त्वाची आहे, हें कळल्यावर त्यानें थोरोला तुरुंगांत नेलें. त्याच रात्रीं कोणीतरी येऊन कर भरून गेलें. तें थोरोच्या मावशीकडून किंवा आत्याकडून आलें असावें, आणि ती बाई बहुधा मराया थोरो ही असावी, असा चरित्रकारांचा समज आहे. पैसे आले त्या वेळीं स्टेपल्सनें पायांतले बूट काढून ठेवले होते. पुन्हां ते चढवून तुरुंगापर्यंत जाण्याचा त्याला कंटाळा आला, आणि त्यामुळें सुटका झालेला थोरो सकाळपर्यंत आंतच राहिला. जगांतील एवढ्या प्रसिद्ध कारावासाचा अर्धाअधिक भाग एका शिपायाच्या आळसानें घडला, ही गोष्ट मला नेहमींच मोठी मौजेची वाटत आली आहे. सकाळीं बाहेर काढल्यावर थोरो रागावला होता, असें स्टेपल्स पुढें सांगत असे.

वाङ्मयदृष्ट्या या रात्रीचें वर्णन हा निबंधाचा सर्वोत्तम भाग होय. चुना दिलेली स्वच्छ खोली, कोठार जाळल्याच्या आरोपावरून खटल्याची वाट पाहणारा सोबती, खिडकींतून ऐकूं येणारे गांवचे आवाज, आणि सकाळीं मिळालेलें चॉकलेट व पाव. एवढ्या थोड्या साहित्यावर थोरोनें आपलें गांव जणूं प्रथमच आंतून पाहिल्याचा प्रत्यय दिला आहे. या भागांत त्याचा आवाज खालीं येतो. आरंभींच्या पानांत तो व्यासपीठावरून बोलत असतो. तेथें सैनिक, तुरुंगाधिकारी व कॉन्स्टेबल यांना त्यानें लांकूड, माती आणि दगड यांच्या रांगेंत बसविलें आहे. हीं माणसें सरकारची सेवा देहानें करतात, बुद्धीनें वा सदसद्विवेकानें करीत नाहींत, असें त्याचें म्हणणें. सरकार हें एक यंत्र आणि माणसें त्याचे सुटे भाग, ही उपमा तो पुन्हां पुन्हां वापरतो.

परंतु थोरोच्या लेखणीचा प्रामाणिकपणा असा कीं तो स्वतःच्या उपमेलाहि फार वेळ टिकूं देत नाहीं. थोड्याच पानांनंतर तो सांगतो कीं सरकार मला वर्षांतून एकदांच समोरासमोर भेटतें, तें करवसुली करणाऱ्या शेजाऱ्याच्या रूपानें. आणि माझें भांडण कागदाशीं नसून या माणसाशीं आहे. त्या शेजाऱ्याला तो 'सिव्हिल' म्हणतो. इंग्रजींत हा श्लेष आहे: मुलकी कामावरचा, आणि वागण्यांत सभ्य. मराठींत तो साधावयाचा तर 'नागर' हा आपला जुना शब्द कामीं यावा. नागर म्हणजे नगरव्यवस्थेंतला, आणि नागर म्हणजे सुसंस्कृतहि. हा नागर शेजारी मला वेडा समजून वागवणार कीं शेजारी समजून, हें ठरविल्यावांचून त्याला आपलें काम करतां येऊं नये, अशा पेंचांत त्याला धरणें, हाच थोरोच्या कर न देण्याचा उद्देश. ज्याला आधीं लांकूड म्हटलें त्याच्याकडूनच आतां विचाराची अपेक्षा केली जात आहे. टीकाकार याला विसंगति म्हणतील. मला तेथें निबंध जिवंत झालेला दिसतो.

मग त्या शेजाऱ्यानें करावें काय? थोरोचें उत्तर अगदीं थोडक्या शब्दांत आहे, आणि घाईनें वाचणाराच्या हातून निसटतें. त्यानें जागेचा राजीनामा द्यावा. प्रजाजनानें निष्ठा नाकारली आणि अधिकाऱ्यानें अधिकार सोडला म्हणजे क्रांति पुरी झाली, असा त्याचा हिशेब आहे. या हिशेबाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर ग्रंथ लिहिले गेले, दुसऱ्यावर कोणी थांबत नाहीं. स्टेपल्सनें त्या रात्रीं राजीनामा दिला नाहीं. त्यानें बूट काढले आणि तो झोंपीं गेला.

टीका करावयाची तर थोरोच्या करबंदीवर एक वाजवी आक्षेप आहे, तो येथें नोंदवून ठेवतों. ज्या दोन पापांचा त्याला संताप होता, म्हणजे गुलामगिरीला दिलेलें संरक्षण आणि मे १८४६ मध्यें मेक्सिकोवर सुरू केलेलें युद्ध, तीं संयुक्त संस्थानांच्या मध्यवर्ती सरकारचीं होतीं. डोईपट्टी मात्र मॅसॅच्युसेट्स संस्थानची. तिच्यांतला पैसा मेक्सिकोच्या लढाईवर सरळ जात नव्हता. त्या सायंकाळीं स्टेपल्सच्या हातून गुलामगिरीचें कोणतें काम होत होतें, असें विचारलें तर उत्तर देणें जड जाईल. निबंधांतील युक्तिवाद घटनेहून मोठा आहे. अंगरखा माणसाच्या मापाहून मोठा शिवला आहे. पण पुढें चार वर्षांनीं त्या मापाचा माणूस आला.

१८५० च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टनच्या काँग्रेसनें पळून गेलेल्या गुलामांविषयींचा नवा कायदा केला. दक्षिणेंतून पळून उत्तरेच्या स्वतंत्र संस्थानांत आश्रय घेतलेल्या काळ्या माणसाला त्याच्या धन्याच्या हवालीं करण्याची व्यवस्था त्यांत होती. पंचांपुढें खटला नाहीं; ज्याच्या स्वातंत्र्याचा निकाल व्हावयाचा त्याला स्वतः साक्ष देण्याची मुभा नाहीं. निकाल देणाऱ्या कमिशनरला, माणूस गुलाम ठरवून परत पाठविला तर १० डॉलर आणि सोडून दिला तर ५ डॉलर फी. कागदपत्र अधिक लिहावे लागतात हें कारण त्यास दिलें गेलें! पळालेल्याला आसरा देणारास १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि सर्वांत महत्त्वाचें कलम असें कीं, कामगिरीवरील अधिकाऱ्यानें हांक मारली असतां जवळ उभ्या असलेल्या कोणाहि नागरिकानें त्यास मदत केली पाहिजे. थोरोच्या निबंधांत कॉन्स्टेबल गांवांत एकच होता. या कायद्यानें रस्त्यानें जाणारा प्रत्येक मनुष्य कॉन्स्टेबल केला.

थोरोच्या रोजनिशींत १८५१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेची एक नोंद आहे. तिच्याकडे निबंधाचें उत्तरकांड म्हणून पाहावें असें मी सुचवीन. व्हर्जिनियांतून पळालेला, हेन्री विल्यम्स हें नांव घेतलेला एक मनुष्य थोरोच्या घरीं आश्रयाला होता. त्याला कॅनडाकडे रवाना करण्यासाठीं थोरो दुपारच्या गाडीचें तिकीट काढावयास स्टेशनवर गेला. परंतु तेथें उभा असलेला एक इसम त्याला चालण्यावागण्यांत बोस्टनच्या पोलिसासारखा दिसला, आणि तिकीट न काढतांच तो परतला. त्या दिवशीं पुढें विल्यम्सची रवानगी झाली. ही नोंद वाचतांना व्याख्यानांतला थोरो आठवत नाहीं. येथें तत्त्व नाहीं, उपमा नाहीं. दुसऱ्याच्या जिवाची जोखीम शिरावर असलेला एक सावध मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या चेहऱ्याकडे पाहत आहे, आणि हा शेजारी कीं शिपाई हें त्याला ओळखावयाचें आहे.

निबंधाची खरी कसोटी लागली ती १८५४ सालीं बोस्टन शहरांत. २४ मे रोजीं अँथनी बर्न्स नांवाच्या तरुणाला दागिन्यांच्या दुकानांतील चोरीचा खोटा आरोप सांगून पकडण्यांत आलें. तो व्हर्जिनियाचा पळालेला गुलाम होता. २६ तारखेच्या रात्रीं त्याला सोडविण्यासाठीं गोऱ्या व काळ्या नागरिकांच्या जमावानें न्यायमंदिराचें दार फोडलें. त्या झटापटींत आंत पहाऱ्यावर असलेला जेम्स बॅचेल्डर हा मरण पावला. हा गाडीवानाचें काम करणारा मनुष्य. पहाऱ्यासाठीं तात्पुरता नेमलेला. २ जून रोजीं कमिशनर एडवर्ड लोरिंग यानें बर्न्सला परत पाठविण्याचा निकाल दिला. त्याला बंदरावर नेण्यासाठीं रस्त्याच्या दोहों बाजूंस सैन्य आणि पोलीस उभे करण्यांत आले. इमारतींवर काळीं वस्त्रें लोंबत होतीं, एके ठिकाणीं 'स्वातंत्र्य' असें लिहिलेली शवपेटी टांगली होती, आणि सुमारें ५० हजार लोक पाहत होते.

त्याच दिवशीं सकाळीं बोस्टन पोलीसदलांतील कॅप्टन जोसेफ हेज यानें राजीनामा दिला. मिळालेला हुकूम पाळला तर या कायद्याच्या अंमलबजावणींत आपला हात लागेल, आणि तो लागूं देण्याची आपली तयारी नाहीं, असा त्याच्या पत्राचा आशय होता. त्यानें थोरोचा निबंध वाचला होता असें मानण्यास आधार नाहीं, आणि वाचला असण्याची जरूरहि नाहीं. पांच वर्षांपूर्वीं न खपलेल्या एका नियतकालिकांत जें मागितलें होतें तें एका पोलीस अधिकाऱ्यानें केलें, एवढेंच.

आणि क्रांति झाली का? झाली नाहीं. हेजच्या जागीं दुसरा उभा राहिला, आणि बर्न्सला सरकारी गलबतावर चढविण्यांत आलें. थोरोचा हिशेब हिशेब म्हणून चुकला, हें त्याच्या भक्तांनीं मोकळ्या मनानें कबूल करावें. परंतु पुढच्याच वर्षीं, १८५५ सालीं, मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळानें एक कायदा केला. त्यांत असें एक कलम घातलें कीं, संस्थानचा जो अधिकारी या गुलामविषयक कायद्याखालीं माणूस परत पाठविण्याचा दाखला देईल त्यानें आपल्या जागेचा राजीनामा दिला असें समजण्यांत येईल. हें कलम वाचून मी थक्क झालों होतों. थोरोनें अन्याय न करण्यासाठीं राजीनामा मागितला होता. येथें अन्याय करणाराचा राजीनामा कायद्यानेंच लिहून ठेवला. लोरिंग हा संस्थानचा न्यायाधीशहि होता. त्याला १८५८ सालीं त्या जागेवरून काढण्यांत आलें. बर्न्सनंतर मॅसॅच्युसेट्समधून कोणीहि पळालेला गुलाम या कायद्याखालीं परत पाठविला गेला नाहीं. बर्न्स स्वतः १८५५ सालीं पैसे देऊन सोडविला गेला, ओबर्लिनला शिकला, आणि कॅनडांत धर्मोपदेशक होऊन १८६२ सालीं, थोरो गेला त्याच वर्षीं, वारला.

येथवर मी थोरोची बाजू मांडली. पण कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत ऐकलेला एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाहीं. निबंध शिकवून होत आला होता. मागच्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, थोरोनें शिपायाला राजीनामा दे म्हणून सांगितलें, पण त्याच्या घरीं खाणारीं तोंडें किती आहेत, हें त्यानें विचारलें का?" मुलगा हवालदाराचा होता, पोलीस लाइनींतल्या दोन खोल्यांत वाढलेला. मीं कांहींतरी उत्तर दिलें. तें त्याला पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पटलें नाहीं.

थोरोनें हा प्रश्न अगदींच टाळला आहे असें नाहीं. मालमत्ता आणि बायकामुलें यांच्या भीतीनें शेजारी गप्प बसतात हें त्याला दिसत होतें. त्यावर त्याचा उपाय असा कीं थोड्यांत राहा, थोडें पिकवा, आणि सरकारच्या हातीं सांपडेल असें कांहीं जवळ ठेवूं नका. उपाय सुंदर आहे. पण ज्यानें तो सांगितला त्याला मूलबाळ नव्हतें, त्याची झोंपडी इमर्सनच्या जमिनीवर होती, आणि त्याचा कर दुसऱ्या कोणी भरला. त्या बॅचेल्डरसारख्या माणसाला थोरोच्या निबंधांत जागा नाहीं. चार पैशांसाठीं पहाऱ्याला उभा राहिलेला तो मजूर लांकूडहि नव्हता आणि लोरिंगहि नव्हता.

आपल्याकडे तर राजीनाम्याची वाटहि अरुंद करून ठेवली होती. इंग्रजी अमलांत १८६१ सालीं जो पोलिसांचा कायदा झाला, त्याच्या नवव्या कलमाप्रमाणें वरिष्ठांच्या परवानगीवांचून नोकरी सोडावयाची तर दोन महिने आधीं लेखी सूचना द्यावी लागे. तशी न देतां काम सोडलें तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, अथवा दोन्ही. हेजनें सकाळीं हुकूम घेतला आणि सकाळींच जागा सोडली. आमच्या शिपायाच्या सदसद्विवेकाला साठ दिवसांची मुदत घालून दिलेली होती.

त्यामुळें हुकूम न पाळणें आणि जागा सोडणें यांतील भेद येथें अधिक तीव्र होतो. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरांत चंद्रसिंग गढवाली आणि त्याच्या पलटणींतील शिपायांनीं निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचें नाकारलें. देशानें त्यांना डोक्यावर घेतलें. चंद्रसिंगाला जन्मठेप झाली. पुढच्या वर्षीं युरोपांत एका पत्रकारानें विचारलें असतां गांधीजींनीं मात्र त्यांची बाजू घेतली नाहीं. शपथ घेतलेल्या शिपायानें हुकूम मोडणें हा अपराध आहे, उद्यां सत्ता आमच्या हातीं आली तर हेच शिपाई आम्हांलाहि लागतील, असें त्यांचें म्हणणें होतें. या उत्तरानें त्या काळीं पुष्कळांना धक्का बसला, आणि मला तें आजहि पूर्णपणें गिळवत नाहीं. समोर निःशस्त्र माणसें उभीं असतां साठ दिवसांची सूचना कोण देत बसणार? तरी त्या उत्तरामागची भीति खोटी नव्हे. अधिकाराची जागा न सोडतां स्वतःच्या मनाला पटेल तेवढाच कायदा चालविणारा शिपाई आज आपल्याला आवडणारा हुकूम मोडील, तर उद्यां दुबळ्याला संरक्षण देणारा हुकूमहि तितक्याच शांत मनानें मोडील. थोरोनें 'राजीनामा' हाच शब्द वापरला, 'हुकूम मोड' असें म्हटलें नाहीं, यांत त्याची सावधगिरी होती कीं केवळ वक्तृत्व, हें निबंधावरून ठरवितां येत नाहीं. पण शब्द नेमका पडला आहे खरा.

त्या हवालदाराच्या मुलाला आज उत्तर द्यावयाचें झालें तर मी त्याला बोस्टनच्या रस्त्याच्या कडेला नेईन. ५० हजार लोक तेथें उभे होते. त्यांत वकील होते, व्यापारी होते, कॉलेजांत शिकलेले आणि शिकविणारे होते. खिडक्यांना काळें कापड लावण्याइतकी ज्यांची ऐपत होती असे पुष्कळ होते. जागा सोडणारा त्यांत पोलीस निघाला. घरीं खाणारीं तोंडें किती, हा प्रश्न त्या शिपायाला विचारण्यापूर्वीं त्या खिडक्यांतील मंडळींना विचारला गेला पाहिजे होता; कारण शिपायाला ज्या कायद्यानें रस्त्यावर उभें केलें, तो त्यांच्याच प्रतिनिधींच्या सभेंत मंजूर झाला होता. थोरोच्या निबंधांत मॅसॅच्युसेट्सच्या व्यापाऱ्यांवर आणि शेतकऱ्यांवर जे कोरडे ओढलेले आहेत ते आपण वाचतांना सहसा ओलांडून जातों. पाठ्यपुस्तकांतहि तेच परिच्छेद बहुधा गाळलेले असतात.

स्टेपल्सचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. तो कॉन्कर्डमध्येंच राहिला, आणि थोरोशीं त्याचा स्नेह तुटला नाहीं. १८६२ च्या वसंतऋतूंत थोरो क्षयानें अंथरुणाला खिळला असतां स्टेपल्स त्याच्या समाचाराला गेला. इतक्या समाधानानें आणि शांतपणें मरणारा मनुष्य आपण दुसरा पाहिला नाहीं, असें त्यानें बाहेर आल्यावर इमर्सनला सांगितलें. त्या भेटींत १८४६ च्या रात्रीचा विषय निघाला कीं नाहीं, याची नोंद कोणीं ठेवलेली नाहीं.